पोटातलं रक्त थांबत नाही तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढचे काही महिने यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांची कंबर सरळ होत नाही. दिवसभर वाकून वेचायचं, ओटी भरली की रिकामी करायची, पुन्हा वाकायचं. संध्याकाळी घरी जाताना दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची, की उद्या पुन्हा मजुरीला जाता येतं. ही गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइडची असते. एखाद्या बोगस डॉक्टरकडे गेलं तर पुडीत तिच्या जोडीला स्टेरॉइडची बारीक गोळीही येते. ही जोडी पोटाला फार वाईट. महिना-दोन महिने ती चालली, की जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण, म्हणजे अल्सर होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. गोळी वेदनेचीच असल्यामुळे हा अल्सर कित्येकदा दुखतही नाही. पहिली खूण दिसते ती थेट रक्ताची.

जठरातून होणारा जोराचा रक्तस्राव बहुतेक वेळा औषधांनी आणि दुर्बिणीने आटोक्यात येतो. काहींचा येत नाही, आणि मग पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं. ऑपरेशन ही शेवटची पायरी आहे, पण तिथे पोचायला रुग्णाच्या हाती थोडेच तास असतात. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. हे अंतर कमी करणं आपल्या हातात नाही. निघायला लावलेला उशीर मात्र आपल्याच हातात असतो. म्हणून घरच्यांना काय ओळखता आलं पाहिजे, गाडी कुठे वळवायची, आणि सर्जन बाहेर येऊन "ऑपरेशन करावं लागेल" म्हणाला तर त्याचा अर्थ काय, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ओळखायचं कसं

लालभडक रक्ताची उलटी कुणालाही कळते. चहाच्या गाळासारखी काळपट-तपकिरी उलटी मात्र "पित्त पडलं" म्हणून सोडून दिली जाते. ते पित्त नसतं. जठरातल्या आम्लाने काळं पडलेलं रक्त असतं.

त्याहून फसवी असते ती काळी संडास. डांबरासारखी काळी, चिकट, चकाकणारी आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच उग्र वासाची. पन्नास ते शंभर मिलिलिटर रक्त पोटात सांडलं तरी संडासचा रंग असा होतो. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची संडासही काळपट-हिरवी होते, पण ती बांधलेली असते, चिकटत नाही आणि तिला तो वास नसतो. पहाटे अंधारात बाहेर जाणाऱ्या माणसाला रंग दिसतच नाही. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना घेरी आली, थंड घाम फुटला, धाप लागली, छातीत धडधडलं, तर "अशक्तपणा आला" म्हणून सलाइन लावून आणण्याआधी संडासचा रंग विचारा. विचारायला लाजू नका.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे घरचे निर्धास्त होतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन फारसं उतरत नाही. रक्तातला पातळ भाग आणि तांबड्या पेशी दोन्ही एकदमच बाहेर जात असतात, त्यामुळे उरलेलं रक्त तपासलं तर आकडा जवळजवळ पहिल्याइतकाच येतो. शरीर आणि सलाइन मिळून ती पोकळी पाण्याने भरून काढतात तेव्हा कुठे आकडा कोसळतो. "एचबी अकरा आहे, काळजीचं कारण नाही" हे वाक्य पहिल्या रात्री ग्राह्य धरू नका. नाडी मिनिटाला शंभरच्या वर आणि वरचा रक्तदाब शंभरच्या खाली, ही जोडी हिमोग्लोबिनपेक्षा खरी बोलते. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं, हे लक्षात ठेवलं की घाई कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला तास

१०८ला फोन करा. महाराष्ट्रातल्या या गाडीत डॉक्टर असतो आणि वाटेतच सलाइन सुरू होऊ शकतं. गाडी येईपर्यंत रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. पाय थोडे उंच ठेवा. तोंडाने काहीही देऊ नका: थंड दूध नाही, लिंबूपाणी नाही, अल्सरचं पातळ औषधही नाही. पोट भरलेलं असेल तर दुर्बीण टाकल्यावर आत काही दिसत नाही आणि भूल देताना धोका वाढतो. बर्फाच्या पाण्याने पोट धुण्याची पद्धत पूर्वी दवाखान्यांतही होती. तिचा उपयोग होत नाही हे कळून ती केव्हाच मागे पडली.

गावातल्या डॉक्टरांनी शिरेतून एक सलाइन लावून दिलं तर उत्तमच. पण ते संपेपर्यंत तिथे थांबू नका, चालू सलाइनसकट निघा. रक्त थांबवण्याचं म्हणून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन आपल्याकडे सर्रास दिलं जातं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉल्ट-इट' या बारा हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पोटाच्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं. बाळंतपणातल्या किंवा अपघातातल्या रक्तस्रावाला ते इंजेक्शन उपयोगी आहे. इथे त्याच्या भरवशावर रात्र काढणं धोक्याचं.

निघताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, दुकानातून सुट्या आणलेल्याही. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, झडपेसाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर पुढचे उपचार ठरतात. सिकलसेलची तपासणी झालेली असेल तर तिचं कार्ड सोबत घ्या. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः कोलाम, गोंड, परधान, आंध समाजांत, ही माहिती रक्त चढवण्याआधी डॉक्टरांना हवीच असते. आणि एकट्या माणसाला रुग्णासोबत पाठवू नका. रक्त देऊ शकतील असे दोन-तीन धडधाकट नातेवाईक गाडीत किंवा मागच्या गाडीत असू द्या. त्यांचा रक्तगट रुग्णाशी जुळला पाहिजे असं नाही. रक्तपेढीतून नेलेल्या पिशवीच्या बदल्यात दिलेलं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतं.

गाडी कुठे न्यायची

अशा रुग्णाला तीन गोष्टी एका छताखाली मिळाल्या पाहिजेत: रक्तपेढी, रात्रीही होऊ शकणारी एंडोस्कोपी (म्हणजे दुर्बिणीची तपासणी), आणि भूलतज्ज्ञासह सर्जन. यांतली एक जरी नसली तर मध्यरात्री पुन्हा गाडी काढावी लागते. यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९पासून आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी, नेर, बाभूळगाव या भागातल्या माणसाला पहिला आधार तोच. कळंब-राळेगावकडून वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम आणि सावंगी मेघे हाताशी आहेत. वणी-मारेगाव-झरीकडच्यांना चंद्रपूर, उमरखेड-महागावकडच्यांना नांदेड सोयीचं पडतं. पांढरकवड्याहून नागपूरचा महामार्ग थेट आहे. जिल्ह्याची हद्द पाहू नका, रस्ता पाहा.

पण नुसतं नाव पाहून जाऊ नका. निघाल्यावर गाडीतून फोन करून विचारा: "रक्ताची उलटी झालेला रुग्ण आणतोय. एंडोस्कोपी आत्ता होईल का? रक्त आहे का?" तालुक्याच्या दवाखान्यातून रेफर होत असाल तर हा फोन तिथल्या डॉक्टरांनी करावा असा आग्रह धरा. सोबत एक चिठ्ठी मागा, ज्यात किती वाजता किती रक्तदाब होता, किती बाटल्या चढवल्या, कोणती इंजेक्शनं दिली हे लिहिलेलं असेल. मोठ्या दवाखान्यात या चिठ्ठीने बराच वेळ वाचतो.

खर्चाच्या भीतीने खूप घरं इथेच अडखळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. रुग्ण आत गेला की घरातल्या एकाने रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठावं. कागद गावी राहिला असेल तरी जाऊन सांगावं. तातडीच्या रुग्णासाठी काय करता येईल ते तोच सांगेल.

दुर्बीण आधी, सुरी नंतर

दवाखान्यात पोचल्यावर दोन्ही हातांना जाड सुया लागतात, रक्त जुळवायला जातं, आम्ल कमी करणारं इंजेक्शन सुरू होतं. रक्ताची पिशवी लगेच का लावत नाहीत म्हणून नातेवाईक कधी कधी चिडतात. रुग्ण शॉकमध्ये नसेल आणि हृदयाचा आजार नसेल तर हिमोग्लोबिन सातच्या खाली जाईपर्यंत थांबणं हेच आता योग्य मानलं जातं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३मध्ये दाखवून दिलं की जपून रक्त दिलेले रुग्ण भरपूर रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने जगले. रक्त धो-धो वाहत असेल तर अर्थातच आकड्याची वाट पाहत नाहीत.

रुग्ण थोडा सावरला की चोवीस तासांच्या आत, जोराचा रक्तस्राव असेल तर त्याहून लवकर, तोंडातून दुर्बीण टाकतात. अल्सरच्या तळाशी उघडी पडलेली शीर दिसली तर तिच्याभोवती अ‍ॅड्रिनॅलिन टोचतात आणि मग ती उष्णतेने भाजतात किंवा तिला क्लिप लावतात. बहुतेकांचं काम इथे संपतं. पुन्हा रक्त आलं तर दुसऱ्यांदा दुर्बीण टाकतात. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर हा पायंडा पक्का झाला: लगेच पोट उघडण्यापेक्षा दुसऱ्यांदा दुर्बिणीने प्रयत्न केला तर बऱ्याच जणांचं ऑपरेशन टळतं. मोठ्या शहरांत आणखी एक वाट असते. जांघेतून बारीक नळी घालून रक्त गळणाऱ्या धमनीपर्यंत जायचं आणि ती आतूनच बुजवायची. म्हाताऱ्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती जास्त झेपते. सोय नागपुरात असेल आणि रुग्ण तेवढा प्रवास सोसू शकत असेल, तर सर्जनला तिच्याबद्दल जरूर विचारा. रक्तदाब खाली जात असलेल्या रुग्णाला मात्र तिच्यासाठी महामार्गावर घालू नका.

ऑपरेशन

दोनदा दुर्बीण टाकूनही रक्त थांबत नाही, किंवा रक्त इतक्या जोरात येतंय की दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, किंवा पिशव्यांवर पिशव्या चढवूनही नाडी खाली येत नाही, तेव्हा सर्जन पोट उघडतो. दोन सेंटीमीटरहून मोठा आणि ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागच्या भिंतीतला अल्सर या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. त्या भिंतीच्या अगदी मागून गॅस्ट्रोड्युओडेनल नावाची ठसठशीत धमनी जाते. अल्सर खोल जात जात तिच्यापर्यंत पोचला की तिला बाजूने भोक पडतं, आणि अशी धमनी आपणहून आकसून बंद होत नाही.

भूल दिल्यावर बेंबीच्या वर मधोमध छेद घेतात. जठराचं तोंड आणि ड्युओडेनमची सुरुवात यांवरून उभा काप घेऊन आतली पोकळी उघडतात. गुठळ्या काढल्या की तळाशी रक्ताची चिळकांडी दिसते. सर्जन पहिल्यांदा करतो ते सगळ्यात साधं काम: तिथे बोट दाबून धरतो. रक्त थांबतं. मग तो घाई करत नाही. भूलतज्ज्ञाला रक्त चढवून रुग्णाला सावरायला अवसर देतो, आणि मगच सुई मागतो. धमनीच्या वरच्या अंगाला एक टाका, खालच्या अंगाला एक, आणि मागून येऊन मिळणारी फांदी बंद करायला तिसरा. टाके खोल गेले पाहिजेत, पण पित्ताची नळी तिथून जवळच जाते आणि ती सापडता कामा नये. शेवटी तो उभा काप आडवा शिवतात, म्हणजे वाट अरुंद होत नाही. आम्ल कमी करण्यासाठी पूर्वी जठराकडे येणारी व्हेगस नस कापत असत. आता औषधंच इतकी प्रभावी आहेत की ते क्वचित करतात.

जठरातल्या अल्सरची गोष्ट वेगळी. तिथे शक्यतो अल्सरचा तुकडाच कापून काढतात, निदान त्याच्या कडेचे नमुने घेतात, कारण काही अल्सर हे मुळात कॅन्सर असतात. तो तपासणीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि सुट्टीच्या गडबडीत तो आणायचा राहून जातो. कृपा करून आणा. अल्सर फार मोठा असेल तर जठराचा भाग काढावा लागतो. हे ऑपरेशन व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी १८८१मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं आणि आजही त्याच्या दोन पद्धती त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

एक काळ असा होता की अल्सरची ऑपरेशनं कोणत्याही सर्जनच्या रोजच्या कामात असत. सत्तरच्या दशकात सिमेटिडिन आलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अल्सरच्या मुळाशी आहे हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, त्याबद्दल त्यांना २००५चं नोबेल मिळालं. ऑपरेशनं घटली. ब्रिटनमध्ये २००७मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत पोटाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावाच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम दोघांवर ऑपरेशनची वेळ आली. त्या ऑपरेशन झालेल्यांपैकी मात्र शंभरात सुमारे तीस दगावले. कारण आता टेबलावर पोचतो तो सगळे उपाय थकलेला, बहुधा वयस्कर, आधीच बरंच रक्त गमावलेला माणूस.

हा आकडा मी लपवत नाही, कारण सही करताना सर्जन तुम्हाला असंच काहीतरी सांगेल. "हाय रिस्क आहे" हे शब्द ऐकून नातेवाईक घाबरतात आणि रुग्णाला डामा करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, दुसरीकडे न्यायला निघतात. थांबा. जोखीम ऑपरेशनची आहे हे खरं, पण न थांबणाऱ्या रक्तस्रावात ऑपरेशन न करण्याची जोखीम तिच्याहून मोठी असते. सर्जनला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. दुसऱ्यांदा दुर्बीण टाकून पाहिली का, नसेल तर का नाही? इथे रक्त आणि अतिदक्षता विभागातली खाट आहे का? रुग्ण हलवला तर वाटेत तग धरेल का? उत्तरं ऐका, घरातल्या एकाच माणसाला निर्णय द्यायला सांगा आणि लवकर सही करा. गावाहून मोठे भाऊ येईपर्यंत थांबण्याची ही वेळ नव्हे.

दारू आणि यकृत

सगळी रक्ताची उलटी अल्सरची नसते. वर्षानुवर्षं दारू पिऊन यकृत कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला शिरा फुगतात. त्या फुटल्या की बादलीभर वाटावं इतकं रक्त पडतं. पोटात पाणी, डोळे पिवळे, पाय सुजलेले, अशा माणसाला ही उलटी झाली तर दवाखान्यात दारूबद्दल खरं सांगा, प्रमाणासकट. उपचारच वेगळे आहेत: शिरांचा दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, जंतुसंसर्ग टाळायला अँटिबायोटिक, आणि दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी बँड. जठरातल्या फुगलेल्या शिरांमध्ये एक प्रकारचा गोंद टोचतात. रक्त थांबतच नसेल तर फुगा असलेली नळी घालून काही तास दाब देतात, तेवढ्यात रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवायचं असतं. यकृत खराब असलेल्याला पोटाचं मोठं ऑपरेशन सहसा झेपत नाही.

लहान मुलाला रक्ताची उलटी झाली तर मात्र निराश होऊ नका. भारतात अशा मुलांमध्ये बऱ्याचदा यकृत चांगलं असतं आणि त्याकडे जाणारी मोठी शीर लहानपणीच गुठळीने बंद झालेली असते. पानथरी वाढलेली लागते. या मुलांचं शिरा जोडण्याचं ऑपरेशन अनुभवी हातांनी झालं तर ती पुढे शाळेत जातात, खेळतात, संसार करतात.

घरी आल्यावर

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात जातात. नाकातली नळी निघाली की पाणी, मग पेज, मग मऊ भात असं हळूहळू जेवण सुरू होतं. टाके निघाले म्हणजे आजार संपला असं नाही. पहिल्या महिन्यात काळी संडास, ताप किंवा पोटात अचानक कळ आली तर त्याच दिवशी परत जा.

जठराचा भाग काढला असेल तर पोटभर दोनदा जेवण्याऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं. जेवताना भरपूर पाणी पिऊ नये, गोड चहाने दिवस सुरू करू नये. नाहीतर जेवणानंतर घाम, धडधड आणि जुलाब होतात. बी-१२ आणि लोह कमी पडत जातं, त्यासाठी वर्षातून एकदा तरी रक्त तपासावं लागतं.

दुखण्याच्या गोळ्या आता कायमच्या बंद. पॅरासिटामॉल चालतं, पण पाकीट वाचून घ्या: अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी "पॅरासिटामॉलच आहे" म्हणून हातात पडते. जेवून घेतली तर चालते, हेही खरं नाही. ती रक्तात मिसळून पोटाचं अस्तर आतून दुबळं करते, त्यामुळे जेवणाने जळजळ कमी होईल, अल्सर टळणार नाही. इंजेक्शनही त्याच कारणाने सुरक्षित नाही. हृदयाची अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कायमची सोडू नका. ती केव्हा परत सुरू करायची हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

राहिली हेलिकोबॅक्टरची तपासणी. रक्तस्राव चालू असताना ती केली तर जंतू असूनही "नाही" असा निकाल येऊ शकतो, म्हणून पहिली निगेटिव्ह आली असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. जंतू सापडला तर दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, पण एकही डोस चुकवू नका. कोर्स संपल्यावर महिनाभराने जंतू खरंच गेला का ते तपासून घ्या. ही तपासणी श्वासाची किंवा संडासची असेल तर त्याआधी दोन आठवडे आम्लाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. पण नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर त्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.